करारातले स्वातंत्र्य आणि भीमथडीचा शेतकरी

उदारमतवादाचा इतिहास सांगताना आपण लॉक, अ‍ॅडम स्मिथ आणि मिल यांच्यापासून सुरुवात करतो आणि शेवटी रानडे-गोखल्यांपर्यंत येतो. जणू हा विचार विलायतेत पुरा झाला आणि मग इकडे पोचला. पुणे जिल्ह्यातल्या यवतच्या आसपासचा इतिहास पाहिला तर हे पटत नाही. 1874च्या अखेरीस शिरूर तालुक्यातल्या करडे गावाने सावकारावर बहिष्कार घातला. 12 मे 1875 रोजी, बाजाराच्या दिवशी, त्या वेळच्या भीमथडी तालुक्यातल्या सुप्याला शेतकरी सावकारांच्या घरादुकानांवर चालून गेले. त्यांना हवी होती ती कर्जखते. ती त्यांनी जाळली. माणसांवर हात फारसा टाकला नाही. हा सगळा राग कागदावर का निघाला?

इंग्रजी अमलाने रयतवारीत शेतकऱ्याला जमिनीचा स्वतंत्र हक्क दिला, कोर्ट दिले आणि करार करण्याची मोकळीक दिली. जुन्या उदारमतवादाच्या हिशेबाने एवढ्यावर माणूस स्वतंत्र झाला. पण अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे चढलेले कापसाचे भाव 1865 नंतर कोसळले आणि त्याच सुमारास या भागात साराही वाढला. कर्जवसुलीचा दावा लावण्याची मुदत ठरवणाऱ्या 1859च्या कायद्यामुळे सावकार दर तीन वर्षांनी थकलेले व्याज मुदलात मिळवून नवे खत लिहून घेऊ लागले. कुणब्याला खतातला मजकूर वाचता येत नव्हता आणि कोर्ट खताच्या मागे जाऊन हिशेब तपासत नव्हते. दोघांच्या संमतीने झालेला करार कायद्यात खरा होता, पण व्यवहारात त्यात एकाचीच इच्छा चालत होती.

दंग्यांच्या चौकशीनंतर 1879 साली पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या जिल्ह्यांसाठी शेतकऱ्यांच्या कर्जनिवारणाचा कायदा झाला. कर्जाचा मूळ इतिहास तपासून गैरवाजवी व्याज कमी करण्याचा अधिकार त्याने न्यायाधीशाला दिला. यानंतर दोन वर्षांनी, 1881 साली, इंग्लंडमध्ये टी. एच. ग्रीन यांनी करारस्वातंत्र्याच्या मर्यादा सांगणारे व्याख्यान दिले आणि आयर्लंडमधल्या कुळांचा खंड ठरवण्याचा अधिकार ग्लॅडस्टन यांच्या सरकारने न्यायालयाकडे सोपवला. दख्खनच्या 1879च्या याच कायद्याखाली रानड्यांनी न्यायाधीश म्हणून काम केले. 1892 साली डेक्कन कॉलेजातल्या व्याख्यानात त्यांनी मांडले की दोन्ही पक्षांची ताकद सारखी नसेल, तर त्यांच्यातल्या करारस्वातंत्र्याची भाषा दुबळ्याचा अपमानच करते.

उदारमतवाद इथेही घडला, या म्हणण्यावर आक्षेप येतील. 1879चा कायदा निवडून न आलेल्या परक्या सरकारने शांतता राखण्यासाठी केला, हे खरेच आहे. पण त्याने एक तत्त्व मान्य केले आणि ते पुढे नेले ते इथल्या उदारमतवाद्यांनी. दुसरा आक्षेप असा की कायद्याने कर्ज संपले नाही. तेही खरे, सावकारांनी गहाणखताऐवजी थेट खरेदीखत लिहून घेण्याची पळवाट काढली. त्यातून दिसते ते हे की नुसता कायदा पुरत नाही, शेतकऱ्याला रास्त व्याजाने कर्ज मिळण्याची दुसरी सोयही लागते. सहकारी पतसंस्थांचा 1904चा कायदा याच गरजेतून आला. तिसरा आक्षेप सर्वांत जड आहे. उदारमतवाद्यांच्या पुणे सार्वजनिक सभेत शेतकरी आणि अतिशूद्र कुठे आहेत, असे जोतीराव फुल्यांनी विचारले होते. त्या काळच्या उदारमतवाद्यांना याचे पुरेसे उत्तर देता आले नाही. पण प्रत्येक व्यक्तीची प्रतिष्ठा समान मानणाऱ्या विचाराला हा प्रश्न टाळता येत नाही. त्या विचाराची पुढची वाढ अशा प्रश्नांनीच घडवली.

आजही कर्जाच्या, नोकरीच्या, जमिनीच्या कागदावर सही घेतली की संमती मिळाली असे धरले जाते. सही करणाऱ्याला मजकूर कळला होता का आणि नाही म्हणण्याची त्याला सोय होती का, हे विचारल्याशिवाय त्या संमतीला स्वातंत्र्य म्हणू नये. हे दोन प्रश्न विचारण्याची सवय आपण नागरिक म्हणून लावून घेतली पाहिजे.