प्रवास-व्यवसाय : भांडवल विश्वासाचे

गोदावरीच्या काठी वसलेले गंगाखेड ही संत जनाबाईंची जन्मभूमी. परळीचा वैजनाथ व औंढ्याचा नागनाथ ही दोन ज्योतिर्लिंगे आणि नांदेडचा सचखंड गुरुद्वारा येथून फार दूर नाहीत. परभणी-परळी लोहमार्गावरील स्थानकही गावाला लाभले आहे. अशा गावातील सुशिक्षित तरुण प्रवासी एजंटाच्या व्यवसायाकडे वळल्यास ते स्वाभाविकच होय.

मात्र तिकीट काढून देणे एवढाच हा व्यवसाय नव्हे. १८४१ साली इंग्लंडमध्ये थॉमस कुक याने सुमारे ५०० माणसांना लेस्टरहून लफबरोस रेल्वेने नेले, तेव्हा त्या साऱ्यांच्या जाण्यायेण्याची जबाबदारी त्याने स्वतःच्या शिरावर घेतली होती. कापूस विकून काशीयात्रेसाठी पैसे साठविणारा वृद्ध शेतकरी ते पैसे निघण्यापूर्वीच एजंटाच्या हाती देतो. त्याने ना गाडी पाहिलेली असते, ना मुक्कामाची जागा. त्याचा विश्वास हेच या व्यवसायाचे खरे भांडवल.

म्हणूनच आगाऊ घेतलेली रक्कम हे उत्पन्न नव्हे, हा पहिला धडा. पुढच्या यात्रेच्या पैशांतून मागच्या यात्रेची देणी भागविणारा एजंट एखादी यात्रा रद्द होताच कोलमडतो व त्याच्याबरोबर अनेक कुटुंबांची पुंजी बुडते. यात्रेकरूंची रक्कम बँकेत स्वतंत्र खात्यावर ठेवावी. भाडे, निवास व भोजन यांपैकी कशाचा समावेश आहे आणि यात्रा रद्द झाल्यास किती रक्कम परत मिळेल, हे पावतीवर स्पष्ट लिहावे.

दुसरा धडा कायद्याचा. अधिकृत नेमणुकीवाचून रेल्वे तिकिटांचा व्यापार करणे हा रेल्वे अधिनियम, १९८९ च्या कलम १४३ अन्वये गुन्हा असून त्यास तीन वर्षांपर्यंत कारावासाची तरतूद आहे. स्वतःच्या नावावरील खात्यातून तिकिटे काढून ती नफ्याने विकणारे तरुण या कलमात सापडतात. प्रवासी वाहनांच्या तिकीटविक्रीसाठीही मोटार वाहन अधिनियम, १९८८ प्रमाणे परवाना लागतो.

प्रारंभ लहान असावा. परळी-औंढा-नांदेड अशी जवळची यात्रा प्रथम आखावी. मार्ग, पिण्याचे पाणी, स्वच्छतागृहे व दवाखाना यांची स्वतः पाहणी करावी. एस.टी.च्या प्रवासात ७५ वर्षांवरील ज्येष्ठांना २०२२ पासून मोफत प्रवासाची आणि महिलांना २०२३ पासून निम्म्या भाड्याची सवलत आहे. ती ग्राहकाला आपण होऊन सांगणाऱ्याकडे तो पुन्हा येतो. भांडवलासाठी जिल्हा उद्योग केंद्रामार्फत राबविल्या जाणाऱ्या मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रमाची चौकशी करता येते.

शाळेची सहल ठरविणाऱ्या शिक्षकांनी व यात्रेकरूंना सल्ला देणाऱ्या पंचायत सदस्यांनी एजंटाचा परवाना व पावती पाहण्याचा आग्रह धरला, तर प्रामाणिक तरुणाचा जम बसेल आणि गावकऱ्यांचा पैसाही सुरक्षित राहील.