गोळी की ताट?



चष्मा कपाळावर ठेवून घरभर शोधला, की आम्ही म्हातारी माणसे घाबरतो आणि स्मरणशक्तीची गोळी विकत आणतो. तिच्यामागचा तर्क अगदीच पोकळ नाही. देहाच्या वजनात मेंदूचा वाटा शेकडा 2, पण प्राणवायूचा खप शेकडा 20. या खपातून निघणारी उपद्रवी द्रव्ये पेशींना इजा करतात. फळाभाज्यांतील अँटिऑक्सिडंट त्यांना आवरतात. मग तेच गोळीतून का घेऊ नयेत?

अमेरिकेत ते करून पाहिले. साठीपुढच्या 7,540 पुरुषांना ई-जीवनसत्त्व, सेलेनियम, दोन्ही किंवा नुसती पोकळ गोळी दिली. 2017 मध्ये निष्कर्ष आला : स्मृतिभ्रंश कमी झाला नाही. फिनलंडमध्ये मात्र 60 ते 77 वर्षांच्या 1,260 जणांपैकी निम्म्यांना दोन वर्षे आहार, व्यायाम, बुद्धीला काम आणि रक्तदाबावर नजर असा नेम लावला. त्यांची बुद्धी इतरांपेक्षा थोडी अधिक तरतरीत राहिली, असे 2015 मध्ये दिसले.

श्रेय एकट्या ताटाचे नव्हे, साऱ्या नेमाचे. तेव्हा आवळा, पेरू, पालेभाजी खावी; पण फिरायलाही जावे, नवे काही शिकावे. आणि चष्मा नव्हे, घरचा रस्ताच विसरू लागलो, तर गोळी न शोधता डॉक्टरांकडे जावे. तेथे संकोच नको.