कापलेला पैसा जातो कुठे?

(शिवडीतल्या बायकांच्या एका बैठकीत केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



तुमच्यापैकी कुणी पॅकिंगच्या गाळ्यात काम करते, कुणी इस्पितळात सफाईला आहे, कुणी दुकानात गल्ल्यावर बसते. पगार किती, असे विचारले की आपण हातात पडणारा आकडा सांगतो. कापले किती आणि ते गेले कुठे, असे विचारले तर 'पीएफ-बीएफ काहीतरी कापतात' एवढेच उत्तर येते. मी वीस वर्षे हिशेबाचे काम करते आहे. बाईच्या कष्टाचा पैसा या 'काहीतरी'मध्येच हरवतो, असा माझा अनुभव आहे. म्हणून आज पगाराची स्लिप वाचायला शिकू. स्लिप देणे मालकावर बंधनकारक आहे. ती मागताना संकोच करू नका.

समजा, एखाद्या बाईचा पगार महिना १८,००० रुपये आहे. त्यात मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून १२,००० आहेत. तिच्या स्लिपवर काय काय दिसायला हवे?

पहिली कपात राज्य सरकारची, म्हणजे व्यवसाय कर, आपल्या भाषेत 'पी.टी.'. हा कर महाराष्ट्रात १९७५ साली रोजगार हमी योजनेला पैसा उभा करण्यासाठी बसवला गेला. दुष्काळात खडी फोडणाऱ्या हजारो बायकांची मजुरी या योजनेतून निघाली, तेव्हा या कराला नावे ठेवायचे कारण नाही. राज्यघटनेने त्याला वर्षाला २,५०० रुपयांची मर्यादा घातली आहे. म्हणून अकरा महिने २०० आणि फेब्रुवारीत ३०० रुपये कापतात.

पण बायकांसाठी यात मोठा बदल झाला आहे. १ एप्रिल २०२३ पासून महिना २५,००० रुपयांपर्यंत पगार असलेल्या स्त्रीला व्यवसाय कर लागत नाही. आधी ही मर्यादा १०,००० होती. पुरुषाला मात्र १०,००० च्या वर पूर्ण कर लागतो. म्हणजे आपल्या या बाईचा व्यवसाय कर शून्य. तिच्या स्लिपवर २०० रुपये दिसले, तर ते चुकीचे कापलेले आहेत आणि ते परत मागायला हवेत. हिशेबाच्या संगणकात स्त्री-पुरुष अशी नोंद नीट केलेली नसली की सगळ्यांना एकच दर लागतो आणि वर्षाचे अडीच हजार जातात. ६५ वर्षांवरील व्यक्तींना आणि अपंग मुलांच्या पालकांनाही या करातून सूट आहे. कापड गिरण्यांतल्या बदली कामगारांनाही कायद्याने सूट दिली होती. आपल्या भागातल्या कितीतरी घरांनी तो बदलीचा काळ पाहिला आहे.

बाकीच्या दोन कपाती केंद्राच्या कायद्याखालच्या. त्या कर नाहीत. तो आपलाच साठवलेला पैसा आणि आपलाच विमा आहे.

भविष्य निर्वाह निधी, म्हणजे पीएफ. वीस किंवा अधिक माणसे असलेल्या आस्थापनेला तो लागू होतो. बाईचे १२ टक्के म्हणजे १,४४० रुपये. मालकानेही तेवढेच घालायचे; त्यातले ८.३३ टक्के, म्हणजे सुमारे १,००० रुपये, पेन्शनकडे जातात आणि उरलेले पीएफमध्ये.

राज्य कामगार विमा, म्हणजे ई.एस.आय. दहा किंवा अधिक माणसे असतील तिथे. बाईचे पाऊण टक्का म्हणजे १३५ रुपये, मालकाचे सव्वातीन टक्के म्हणजे ५८५. परळच्या महात्मा गांधी इस्पितळात उपचार मिळतात ते याच विम्यावर आणि २६ आठवड्यांची पगारी बाळंतपणाची रजाही याच विम्यातून. मालकाचा वाटा आपल्या पगारातून कापायला कायद्याने मनाई आहे. तसे कुणी करत असेल तर ती उघड लूट आहे.

आता मुख्य मुद्दा. स्लिपवर कपात छापली म्हणजे ती भरली असे नव्हे. मी पहिली नोकरी केली त्या कारखान्यात माझ्या पगारातून चौदा महिने पीएफ कापला गेला, आणि भरला पाचच महिन्यांचा. नोकरी सोडून पैसे काढायला गेले तेव्हा ते कळले. तोवर मालकाने गाळा बंद केला होता.

म्हणून मालकाने काय, केव्हा करायचे हे आपल्याला पाठ हवे. पीएफ आणि विम्याचे पैसे पुढच्या महिन्याच्या १५ तारखेच्या आत भरायचे. व्यवसाय कराचे विवरणपत्र कर थोडा असेल तर वर्षातून एकदा, जास्त असेल तर दरमहा. पीएफचा बारा आकडी यू.ए.एन. नंबर आणि विम्याचा नंबर तुमचा स्वतःचा असतो. तो मागून घ्या. मोबाईलवर 'उमंग' ॲपमध्ये पीएफचे पासबुक दिसते. घरातल्या शिकलेल्या मुलीला दर तीन महिन्यांनी ते बघायला सांगा. पासबुकात महिना गळला की लगेच विचारा, दोन वर्षे थांबू नका.

तक्रारीची ठिकाणे लांब नाहीत. व्यवसाय करासाठी माझगावचे राज्य जीएसटी भवन, विम्यासाठी लोअर परळचे पंचदीप भवन, पीएफसाठी वांद्र्याचे भविष्य निधी भवन. मात्र एकटीने जाऊ नका. एकट्या बाईला 'उद्यापासून येऊ नको' असे सांगणे सोपे असते. दहा जणींच्या सह्यांचा अर्ज आला की तोच मालक कागद काढून बसतो.

आणि ज्यांच्याकडे स्लिपच नाही, त्या घरकाम करणाऱ्या आणि घरी बसून माळा-पाकिटे करणाऱ्या मैत्रिणींचे काय? त्यांचा पैसा कापला जात नाही, कारण त्यांच्यासाठी कुणी भरतही नाही. म्हातारपणी पेन्शन नाही, बाळंतपणाला रजा नाही. पगारदार बायकांनी आपला हिशेब मागायला शिकताना ही लढाईही आपलीच मानायला हवी.

पुढच्या बैठकीला प्रत्येकीने तीन महिन्यांच्या स्लिपा आणाव्यात. आपण त्या एकत्र बसून तपासू.