फवारणीच्या आधी बेणे



 किडींचा विचार करणाऱ्या या परिषदेसाठी सांगली जिल्हा योग्य आहे. जुलै २००२ मध्ये लोकरी मावा इथल्या उसावर दिसला आणि थोड्याच काळात साताऱ्यासह पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात पसरला. पानाखाली पांढरी लोकर, पानावर काळी बुरशी. कुणालाही दिसावे असे ते संकट होते. नुसत्या औषधाने ते हटेना, कारण डोक्याच्या वर गेलेल्या फडात पंप घेऊन शिरणे कठीण. डिफा आणि मायक्रोमस या मित्रकिडी फडाफडांत सोडल्या आणि जपल्या, तेव्हा मावा आवरला.

रोग वाहणारी कीड मात्र अशी नजरेत भरत नाही. ती रस शोषते थोडा, पण बाधित बेटातला रोग निरोगी बेटात नेऊन सोडते. उसाच्या गवताळ वाढ रोगाचा फायटोप्लाझ्मा हा सूक्ष्म जिवाणू तुडतुड्यांमार्फत पसरतो, पिवळ्या पानांच्या रोगाचा विषाणू माव्यामार्फत.  बेटात पांढरट, गवतासारखे फुटवे दिसतात तेव्हा कीड पुढच्या फडात गेलेली असते. त्या बेटावर फवारा मारून काय साधणार? शिवाय या रोगांचा पहिला प्रवास किडीच्या पंखांवर होत नाही, तो आपल्याच बैलगाडी-ट्रॅक्टरमधून, रोगट बेण्याच्या मोळीतून होतो. म्हणून माझे म्हणणे स्पष्ट आहे: आधी बेणे, मग फवारणी.

यावर कुणी म्हणेल, बेणे शुद्ध असले तरी शेजारच्या खोडव्यातून कीड येणारच. हे खरेच आहे, आणि त्यामुळेच हे काम एकट्या शेतकऱ्याचे नाही. रोगट बेटे साऱ्या शिवारातून मुळासकट काढावी लागतील. दुसरा आक्षेप खर्चाचा. पण बेणे रोगमुक्त करण्यासाठीची, ५४ अंश सेल्सिअसच्या बाष्पयुक्त उष्ण हवेतील अडीच तासांची प्रक्रिया फक्त मूलभूत बेण्याला करायची असते. पुढे पायाभूत आणि प्रमाणित मळ्यांतून तेच वाढत जाते, त्यामुळे खर्च विभागला जातो. पिवळ्या पानांच्या विषाणूला उष्णता पुरत नाही. तिथे ऊतिसंवर्धित रोपेच घ्यावी लागतात. पाडेगावचे ऊस संशोधन केंद्र १९३२ पासून सातारा जिल्ह्यात आहे, मांजरीची वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटही दूर नाही. ज्ञानाची उणीव आपल्याला नाही.

तेव्हा सांगली व सातारा या दोन्ही जिल्ह्यांतील प्रत्येक कारखान्याने गटवार बेणे मळे उभारावेत आणि रोगट प्लॉटमधील ऊस बेण्यासाठी देऊ नये, असा ठराव या परिषदेने करावा, ही माझी आग्रहाची विनंती.