दुरुस्तीचं गाव
(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण)



संयोजकांनी मला विषय दिला 'आपलं मिरज' आणि वेळ दिली दहा मिनिटं. मिरजकराला मिरजेवर दहा मिनिटांत बोला म्हणणं म्हणजे आपल्या गणपती विसर्जनाची मिरवणूक तासाभरात आटपा म्हणण्यासारखं आहे. त्या मिरवणुकीला दुसरा दिवस उजाडतो हे सगळ्यांना माहीत आहे. तरी मी प्रयत्न करते. आपल्यातले जे आता सांगलीत राहायला गेले आहेत त्यांनीही ऐकावं. 1998 पासून महानगरपालिका एकच आहे, त्यामुळे त्यांना माफ आहे.

बाहेरगावी कुणी विचारलं, तुमचं मिरज कशासाठी प्रसिद्ध, की आपण पाढा म्हणावा तशी यादी म्हणतो. सतारी-तंबोरे, दवाखाने, रेल्वे जंक्शन, मीरासाहेबांचा दर्गा. मी मिरजेबाहेर तीस वर्षं नोकरी केली आणि ही यादी शेकडो वेळा म्हटली. म्हणता म्हणता मला वाटू लागलं की या चार गोष्टी सुट्या नाहीत. काहीतरी बिघडलेलं, अडलेलं, दुखावलेलं घेऊन माणसं इथे आली, आणि इथल्या कुणीतरी ते हातात घेऊन मार्गी लावलं. आपलं गाव हे दुरुस्तीचं गाव आहे.

सतारीपासूनच सुरुवात करू. आपल्या सतारमेकर मंडळींचे पूर्वज शिकलगार. तलवारी, भाले, बर्च्या यांना धार लावणं, पाणी देणं हा त्यांचा व्यवसाय. एकोणिसाव्या शतकात संस्थानांच्या फौजा उरल्या नाहीत आणि हत्यारांचं काम बसलं. त्याच काळात पटवर्धन सरकारांच्या पदरी गवई होते, आणि त्यांचे तंबोरे मोडले की दुरुस्त करायला जवळपास कुणी नव्हतं. फरीदसाहेब आणि त्यांचे भाऊ यांनी ते काम हाती घेतलं. आधी दुरुस्ती केली, दुरुस्ती करता करता वाद्याची रचना समजून घेतली आणि मग नवीन वाद्य घडवलं. हा क्रम मला फार महत्त्वाचा वाटतो. गावाची ही कला कुठल्या कारखान्यातून आली नाही, ती मोडलेल्या तंबोऱ्यातून आली.

आता माणसांकडे या. कुरुंदवाडचा एक मुलगा, जन्म 1872 चा. फटाका उडून त्याच्या डोळ्यांना इजा झाली. उपचारासाठी त्याला मिरजेला आणलं. डॉक्टर भडभडे यांनी पाहिलं आणि डोळ्यांवर ताण येणारं शिक्षण आता जमणार नाही, याला गाणं शिकवा, असं सुचवलं. मिरजेच्या संस्थानिकांनी आश्रय दिला आणि बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे त्याची तालीम सुरू झाली. हा मुलगा म्हणजे पंडित विष्णु दिगंबर पलुस्कर. पुढे 1901 साली त्यांनी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं आणि सामान्य घरातल्या मुलामुलींसाठी गाण्याचं दार उघडलं. डोळे पूर्वीसारखे झाले नाहीत, पण माणूस उभा राहिला.

दुसरा मुलगा कानाचं दुखणं घेऊन आला. शाहू महाराजांनी त्याला इथल्या मिशन दवाखान्यात पाठवलं. डॉक्टर वानलेस यांनी 1894 साली सुरू केलेला हा दवाखाना. त्याच सुमारास किर्लोस्कर नाटक मंडळीचा मुक्काम मिरजेत होता, आणि 1905 साली तो मुलगा मंडळीत दाखल झाला. नारायण श्रीपाद राजहंस, म्हणजे आपले बालगंधर्व. कान दाखवायला आलेला पोरगा साऱ्या महाराष्ट्राच्या कानात जाऊन बसला!

तिसरे खाँसाहेब अब्दुल करीम खाँ. जन्म उत्तरेत कैराण्याचा, पण राहिले मिरजेत. आजारपणात मीरासाहेबांच्या दर्ग्यात त्यांना गुण आला, असं आपल्या आजी-आजोबांच्या पिढीकडून आपण ऐकत आलो. गाणं तर थोरच, पण तंबोऱ्याच्या जवारीवर त्यांचा स्वतःचा हात चालायचा. ऑक्टोबर 1937 मध्ये मद्रासहून पाँडिचेरीला जाताना वाटेत त्यांचं निधन झालं. तिथून त्यांना इथे आणलं आणि दर्ग्याच्या आवारात दफन केलं. उरुसात त्यांच्या स्मरणार्थ संगीत सभा होते. मोठमोठे कलावंत तिथे येऊन जमिनीवर बसतात, गातात आणि त्याला 'कार्यक्रम' न म्हणता 'हजेरी' म्हणतात. त्याच उरुसात पहिला मानाचा गलेफ चर्मकार समाजाचा असतो. नवरात्रात अंबाबाईच्या देवळात संगीत महोत्सव भरतो, आणि दोन्हीकडे ऐकणारी माणसं बरीचशी तीच असतात. आपल्याला यात काही विशेष वाटत नाही. बाहेर राहिल्यावर कळतं की हे विशेष आहे.

स्टेशनचंही तेच. एके काळी मिरज जंक्शनात ब्रॉडगेज, मीटरगेज आणि नॅरोगेज असे तिन्ही रूळ होते. एका गाडीचं पोतं दुसऱ्या गाडीत चढवल्याशिवाय माल पुढे सरकत नसे. 2016 च्या एप्रिलमध्ये लातूर तहानलेलं होतं, तेव्हा पाण्याची पहिली रेल्वेगाडी निघाली ती आपल्या स्टेशनातून. दहा टाक्या, पाच लाख लिटर कृष्णेचं पाणी. अडलेल्याला पुढे पोचवणं ही आपली जुनी सवय आहे.

हा झाला अभिमान. आता जे बोलायला मी खरी उभी राहिले ते सांगते.

आपल्याच तुकडीतला सतारमेकर गल्लीतला एक मित्र आज मागच्या रांगेत बसला आहे. "माझं नाव घेशील तर उठून जाईन" असं त्याने बजावलंय, म्हणून घेत नाही. परवा मी त्याच्या दुकानात दोन तास बसले. पंढरपूर-मंगळवेढ्याकडच्या मळ्यांतून आलेले कडू भोपळे वर टांगलेले होते. भोपळा महिनोन्‌महिने वाळवायचा, मग भिजवून तोंड कापायचं, आतला गर खरवडून काढायचा, तुणीच्या लाकडाचा गळा आणि दांडी जोडायची, तबली बसवायची, खुंट्या बसवायच्या, चपड्याचं पॉलिश करायचं. हे सगळं बघायला छान वाटतं. पण वाद्य बोलतं ते शेवटच्या कामावर. त्याला आपण जवारी काढणं म्हणतो.

घोडीचा माथा सपाट दिसतो, पण तो सपाट नसतो. त्याला अगदी नकळत उतार असतो. तार त्या उतारावर हलके टेकत-सुटत राहिली की गुंजन उठतं. उतार थोडा चुकला की तार मुकी होते, नाहीतर खरखरते. मग कानसने एक हात मारायचा, तार चढवायची, ऐकायचं. पुन्हा उतरवायची, पुन्हा घासायचं, पुन्हा ऐकायचं. तारेखाली सूत सरकवून नेमकी जागा शोधायची. याला मोजपट्टी नाही. मी विचारलं, "बरोबर झालं हे तुला कसं कळतं?" तो म्हणाला, "मला कळत नाही गं, कानाला कळतं. आणि कान तयार व्हायला दहा वर्षं जातात."

या दहा वर्षांचाच प्रश्न आहे. त्याचा मुलगा पुण्याला नोकरीला आहे, आणि जावं म्हणून त्यानेच आग्रह धरला. इलेक्ट्रॉनिक तंबोरा आला, आता तो मोबाईलमध्येही आला. त्याला भोपळा नको, जवारी नको, प्रवासात फुटायची भीती नाही. गाणाऱ्याची सोय झाली, त्यात वाईट काही नाही. पण दुरुस्तीला येणारं वाद्य कमी झालं की दुरुस्ती शिकणारा पोरगाही कमी होतो. 2024 साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. आपण सगळ्यांनी एकमेकांना ती बातमी पाठवली, आनंदही झाला. त्या मानांकनाने मिरजेचं नाव दुसऱ्या कुणाला वापरता येणार नाही. पण कानस हातात धरणारा पुढचा माणूस त्यातून आपोआप तयार होत नाही. त्याला काम लागतं. मोडकी वाद्यं त्याच्यासमोर यावी लागतात.

आता शाळेकडे वळते. आपल्या संगीताच्या खोलीत तंबोऱ्यांची एक जोडी होती. सकाळच्या प्रार्थनेला बाई त्या लावायच्या आणि आपण षड्ज लागायच्या आत चुळबुळ सुरू करायचो. काल मी मुख्याध्यापकांच्या परवानगीने ती खोली उघडून पाहिली. जोडी अजून आहे. एकीचा भोपळा तडकलाय, दुसरीच्या तीन खुंट्या गेल्यात, तारा गंजल्यात. प्रार्थना हल्ली स्पीकरवर लागते.

मेळाव्याचा खर्च भागून जी रक्कम उरेल तिच्यातून शाळेला नवीन ध्वनियंत्रणा द्यावी, असं समितीच्या मनात आहे. सूचना चांगली आहे, आणि मांडणारे माझे मित्र आहेत. तरी मी वेगळी सूचना मांडते. आधी ही जोडी दुरुस्त करू या. दुरुस्ती चालेल तेव्हा नववीच्या मुलांना चार-चार करून त्या दुकानात नेऊन बसवू या. भोपळ्याची चीर कशी सांधतात ते त्यांनी पाहावं, जवारी निघताना आवाज कसा बदलतो ते ऐकावं. त्यातला प्रत्येक जण सतारमेकर होणार नाही, कदाचित एकही होणार नाही. पण आपला कारागीर काय ऐकतो हे ज्याने एकदा ऐकलं, तो पुढे तंबोरा अडगळीत टाकणार नाही, एवढं नक्की. रक्कम उरली तर स्पीकरही घ्या.

मागच्या रांगेतल्या आमच्या मित्राला मी कालच विचारलं. तो म्हणाला, "शाळेची जोडी आहे, मजुरी घेणार नाही. सामानाचे तेवढे द्या." मी त्याला सांगितलं, मजुरी घ्यावीच लागेल. फुकट केलेलं काम धंदा टिकवत नाही. यावर आमचं भांडण अजून मिटलेलं नाही. ते तुम्ही जेवणाच्या पंगतीत मिटवा.

दहा मिनिटं केव्हाच झाली. थांबते.