फवारणी पंपाच्या नोझलची निगा



अहिल्यानगर जिल्ह्याच्या दक्षिण भागातील कर्जत तालुका अवर्षणप्रवण म्हणून ओळखला जातो. दक्षिण सीमेवर भीमा वाहते, सिद्धटेकच्या परिसरात उजनी जलाशयाचे पाणी पोचते, काही गावांना कुकडीच्या कालव्याचा आधार मिळतो. उर्वरित शिवाराची मदार विहिरी, कूपनलिका आणि शेततळी यांच्यावर. ज्वारी, तूर आणि हरभऱ्याच्या जोडीला येथील शेतकऱ्याने कांदा, ऊस, लिंबू, डाळिंब अशी पिके कष्टाने उभी केली आहेत. पिके मोलाची झाली तशी त्यांच्यावरील रोग-किडींची चिंताही वाढली आणि फवारणीचा पंप घरोघरी आला.

या पंपाची टाकी मोठी दिसते, दांडा लांब दिसतो. परंतु सारे काम शेवटी ज्या भागातून घडते तो भाग बोटाच्या पेराएवढा असतो. तो म्हणजे नोझल. त्याची निगा राखली नाही तर औषधाचा पैसा वाया जातो. आणि ते तुंबल्यावर चुकीच्या रीतीने साफ केले तर फवारणी करणाऱ्याचा जीवच धोक्यात येतो. म्हणूनच हा विषय केवळ यंत्राच्या देखभालीचा राहत नाही. तो गावाच्या आरोग्याचा होतो.

नोझल काय करते?

कीटकनाशके व बुरशीनाशके यांच्या फवारणीसाठी बहुधा पोकळ शंकूच्या आकाराचा फवारा देणारे नोझल वापरतात. त्याच्या आत तिरप्या खाचा असलेली एक चकती असते. दाबाखाली आलेले द्रावण या खाचांतून जाताना भोवऱ्यासारखे फिरते आणि बारीक छिद्रातून बाहेर पडताच त्याचे सूक्ष्म थेंब होतात. ते पानाच्या दोन्ही बाजूंना पोचावेत ही अपेक्षा असते. तणनाशकासाठी मात्र पंख्यासारखा सपाट पट्टा पाडणारे नोझल योग्य असते.

छिद्रात वाळूचा एक कण जरी अडकला तरी हा शंकू मोडतो. फवारा एका अंगाला जातो, कोठे धार लागते, कोठे काहीच पडत नाही. ज्या पानावर धार पडली ते करपण्याची भीती असते. जे कोरडे राहिले तेथे कीड सुखरूप राहते. मग औषधाचा गुण आला नाही असे समजून शेतकरी पुढील वेळी मात्रा वाढवितो. दोष औषधात नसून छिद्रात होता, हे त्याच्या ध्यानी येत नाही.

तुंबण्याची कारणे

पहिले कारण पाणी. कालव्याच्या पाण्यात गाळ असतो, शेततळ्याच्या पाण्यात शेवाळ असते, आणि उन्हाळ्यात तळ गाठलेल्या विहिरीचे पाणी माती घेऊनच वर येते. कूपनलिकेचे पाणी दिसायला स्वच्छ असले तरी जड असल्यास त्यातील क्षारांचा थर नोझलच्या आत हळूहळू साचतो.

दुसरे कारण द्रावण करण्याची घाई. पाण्यात मिसळणारी भुकटी थेट टाकीत ओतली तर तिच्या गुठळ्या होतात. निरनिराळी औषधे व विद्राव्य खते शिफारस नसताना एकत्र केली तर काही वेळा द्रावण फाटते आणि साका तळाशी बसतो. बोर्डो मिश्रणाचे उदाहरण या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. द्राक्षवेलींवरील केवडा रोगावर मोरचूद आणि चुन्याच्या या मिश्रणाची उपयुक्तता फ्रान्समध्ये मियार्दे या शास्त्रज्ञाने १८८५ साली जगापुढे मांडली. लिंबू व डाळिंबाच्या बागांत ते आजही उपयोगी पडते. एक टक्का मिश्रणासाठी १ किलो मोरचूद, १ किलो चुना आणि १०० लिटर पाणी असे प्रमाण असते. परंतु चुन्याची निवळी फडक्यातून गाळली नाही, तर त्यातील खडे पहिल्याच टाकीला नोझल अडवितात.

तिसरे कारण आळस. काल वापरलेला पंप न धुता ठेवला की उरलेले औषध चकतीच्या खाचांत वाळते, आणि आज सकाळी फवारणी सुरू होताच तेच पापुद्रे छिद्राशी येतात.

धोक्याचा क्षण

आता प्रत्यक्ष शेतातील स्थिती डोळ्यांपुढे आणावी. ऊन चढत आहे, मजुरी दिवसाची ठरलेली आहे, टाकी अर्धी शिल्लक आहे आणि फवारा अचानक थांबतो. जवळ पाणी नाही, ब्रश नाही. मजूर नोझल काढतो, ओठांशी नेतो आणि जोराने फुंकतो. छिद्र मोकळे होते; पण त्याच क्षणी विषाचा अंश ओठांवर, जिभेवर, कधी श्वासाबरोबर आत गेलेला असतो. दिवसातून चार वेळा असे घडले तर विष चार वेळा आत जाते. बाटलीतील औषध कोणी चाखणार नाही. पण नोझल फुंकणे हे तेच आहे, हे मात्र लक्षात येत नाही.

फवारणीतील विषबाधा किती भयंकर रूप धारण करू शकते, हे महाराष्ट्राने २०१७ साली पाहिले आहे. त्या वर्षीच्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर मृत्युमुखी पडले आणि शेकडो जणांना रुग्णालयात दाखल करावे लागले. शासनाने विशेष पथकाद्वारे चौकशी केली. माणसाच्या उंचीला गेलेली कपाशी, संरक्षक साधनांचा अभाव, अनेक औषधांचे मिश्रण, जोरदार फवारा देणारे पंप अशी अनेक कारणे तेव्हा चर्चिली गेली. यवतमाळची ती दुर्घटना एकट्या नोझलमुळे घडली असे म्हणता येणार नाही. पण विष शरीरात जाण्याची जेवढी दारे बंद करता येतील तेवढी करावीत, हा तिचा धडा आहे. आणि तोंडाने नोझल फुंकणे हे दार बंद करण्यास जवळजवळ काहीच खर्च येत नाही.

केंद्र शासनाच्या वनस्पती संरक्षण विभागाने याबाबत दिलेली सूचना अगदी साधी आहे. तुंबलेले नोझल तोंडाने फुंकू नये. दात घासण्याचा एक जुना ब्रश पंपालाच बांधून ठेवावा आणि त्याने, पाण्याच्या साहाय्याने नोझल साफ करावे. घरात टाकाऊ ठरलेल्या वस्तूचा याहून चांगला उपयोग सापडणे कठीण.

निगा राखण्याची रीत

फवारणीपूर्वी टाकीत केवळ स्वच्छ पाणी भरून पंप चालवून पाहावा. फवारा सारखा पडतो काय, वायसरमधून गळती होते काय, हे तेथेच कळते. भुकटी असेल तर ती आधी बादलीत थोड्या पाण्यात काठीने कालवून पातळ करावी. पाणी व द्रावण दोन्ही फडक्यातून गाळावीत. टाकीच्या तोंडाची आणि नोझलमागची चाळणी काढून टाकण्याची वाईट सवय अनेक ठिकाणी आढळते. ठिबक संचाची जाळी वेळच्या वेळी धुणाऱ्या शेतकऱ्याला चाळणीचे महत्त्व वेगळे सांगण्याची गरज नाही. पंपाचीही तीच गोष्ट आहे.

फवारणीला निघताना हातमोजे, तोंडावर आवरण आणि अंगभर कपडे असावेत. एक जादा स्वच्छ नोझल, ब्रश आणि पाण्याची बाटली बांधावर ठेवावी. ही बाटली पिण्याच्या पाण्याची नसावी. नोझल तुंबल्यास प्रथम फवारलेल्या भागातून बाहेर यावे. बॅटरीचा पंप असल्यास तो बंद करावा आणि खटका जमिनीकडे दाबून नळीतील दाब सोडावा. तसे न करता नोझल उघडल्यास द्रावण तोंडावर उडते. मग जादा नोझल बसवून काम पुढे न्यावे आणि तुंबलेले नोझल पाण्यात बुडवून ब्रशने साफ करावे. तार, टाचणी किंवा सुई छिद्रात घालू नये. त्यामुळे छिद्राची कड खरवडली जाते आणि फवारा कायमचा बिघडतो.

काम संपल्यावर टाकी स्वच्छ पाण्याने तीन वेळा धुवावी आणि प्रत्येक वेळी ते पाणी नोझलमधूनच बाहेर काढावे. हे पाणी फवारलेल्याच शेतात पसरावे. विहीर, कालवा, शेततळे किंवा जनावरांच्या हौदाजवळ जाऊ देऊ नये. नंतर नोझल सुटे करून साबणाच्या पाण्यात धुवावे, वाळवावे आणि मुलांच्या हाती लागणार नाही अशा जागी ठेवावे. तणनाशकासाठी पंप वेगळाच असावा. त्याचा उरलेला अंश नाजूक पिकाचे नुकसान करतो.

झीज ओळखण्याची कसोटी

नोझल स्वच्छ असले तरी ते झिजते. पितळेचे लवकर झिजते, पोलादाचे त्याहून टिकते आणि चिनी मातीचे सर्वांत अधिक टिकते. झीज डोळ्यांना दिसत नाही. ती मोजावी लागते. टाकीत स्वच्छ पाणी भरून, एकसारखा दाब ठेवून, एका मिनिटात पडणारे पाणी मापात धरावे. नव्या नोझलपेक्षा ते १० टक्क्यांहून अधिक भरले तर नोझल बदलावे. समजा, नवे नोझल मिनिटाला ६०० मिलिलिटर देत होते आणि जुने ७२० देते. म्हणजे एकरी २०० लिटर द्रावण लागावयाचे तेथे त्याच चालीने २४० लिटर लागेल. १६ लिटरच्या अडीच टाक्यांचे औषध प्रत्येक एकरामागे विनाकारण खर्ची पडेल. नव्या नोझलची किंमत या औषधापुढे क्षुल्लक ठरते.

गावाची जबाबदारी

केरळ व मद्रास राज्यांत १९५८ साली कीटकनाशकाने दूषित झालेले अन्न खाऊन शंभराहून अधिक माणसे दगावली. त्यानंतरच्या विचारमंथनातून १९६८ चा कीटकनाशक कायदा झाला आणि १९७१ मध्ये त्याखालील नियम आले. हाताळणी करणाऱ्यांच्या संरक्षक कपड्यांची तरतूद त्या नियमांत आहे. परंतु कायदा प्रत्येक बांधावर उभा राहू शकत नाही. तेथे गावानेच उभे राहावयाचे असते.

ग्रामपंचायतीला हंगामाच्या आरंभी पंप तपासणीचा एक दिवस ठेवता येईल. मोजमापाचे भांडे, घड्याळ आणि काही नवी नोझले एवढ्या साहित्यावर गावातील सारे पंप एका दिवसात तपासून होतात. राहुरीचे महात्मा फुले कृषी विद्यापीठ आणि कृषी विभाग यांचे मार्गदर्शन त्यासाठी घेता येईल. शिक्षकांनी वर्गात एवढेच विचारावे की, कोणाच्या घरच्या पंपाला ब्रश बांधलेला आहे? मूल घरी जाऊन तो बांधल्याशिवाय राहणार नाही. मात्र मुलांना पंप हाताळू देऊ नये, हेही त्याच वेळी सांगावे.

आणि इतके करूनही फवारणीनंतर कोणास मळमळ, अतिशय घाम, तोंडाला लाळ, डोळ्यांपुढे अंधारी असा त्रास झाला, तर घरगुती उपायांत वेळ दवडू नये. कपडे बदलून अंग साबणाने धुवावे, १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी आणि औषधाचे वेष्टन अथवा माहितीपत्रक रुग्णाबरोबर द्यावे. कोणते विष होते हे कळल्यास डॉक्टरांना उपचाराची दिशा मिळते.

दुसऱ्याच्या शेतात मजुरीने फवारणी करणाऱ्यास पंप निवडण्याचा अधिकार नसतो. मालक जो देईल तो पाठीवर घ्यावा लागतो. म्हणून स्वच्छ नोझल, जादा नोझल आणि ब्रश देणे हे पंपाच्या मालकाचे कर्तव्य आहे. कर्जत तालुक्यातील प्रत्येक गावाने येत्या हंगामापूर्वी एवढा एक निश्चय करावा, की आपल्या शिवारात कोणीही नोझल ओठाला लावणार नाही.