मागील दार



पिंगळीतल्या जुन्या घराला पुढचे दार असते, तसे परसाकडचेही असते. पुढच्याला आपण न विसरता कुलूप घालतो. चोर शिरतो तो परसातून. संगणकात शिरून, गुपचूप बसून, दूरच्या चोराला वाट मोकळी करून देणाऱ्या प्रोग्रामला म्हणूनच ‘बॅकडोर’ म्हणतात.

ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेच्या यंत्रणेत असेच चोर शिरले. एटीएमवरून येणारी मागणी बँकेच्या खऱ्या यंत्रणेकडे न जाता चोरांच्या बनावट यंत्रणेकडे जाऊ लागली, आणि ती ‘मंजूर’ म्हणू लागली! २८ देशांतून पैसे काढले गेले. एकंदर सुमारे ९४ कोटी रुपये गेले. पुण्यातल्या तिजोरीला कोणी हातही लावला नव्हता.

आपल्या घरी हे दार बहुधा आपणच उघडतो. अनोळखी ईमेलसोबतची फाइल, फुकटची चोरटी प्रत, लग्नपत्रिका म्हणून मोबाइलवर आलेली एपीके फाइल, ही त्याची निमंत्रणे.

मग उपाय कोणता? प्रथम इंटरनेट तोडावे, म्हणजे चोराचा हुकूम पोचत नाही. नंतर अँटिव्हायरसने पूर्ण तपासणी करावी. भारत सरकारच्या सायबर स्वच्छता केंद्राची साधने विनामूल्य आहेत. तरीही शंका उरली, तर आपली कागदपत्रे व छायाचित्रे तेवढी बाजूला काढून बाकी सारे पुसावे आणि मूळ प्रणाली नव्याने बसवावी. पैसे गेले असतील, तर तत्काळ १९३० या क्रमांकावर कळवावे.

एवढ्यावर थांबू नये. दुसऱ्या निर्दोष यंत्रावरून सर्व पासवर्ड बदलावेत. चोराला हाकलले, पण किल्ली त्याच्याच खिशात राहिली, तर नुसते दार लोटून घेण्यात अर्थ नाही.